न झालेल्या बिघाडांचा डेटा

ज्या कारखान्याचा मेंटेनन्स चांगला, त्याच्याकडे बिघाडाचा डेटा नसतो. बेअरिंग वाजायला लागायच्या आधीच ते वेळापत्रकानुसार बदललं जातं, आणि तसंच राहू दिलं असतं तर कसं गेलं असतं, याची नोंद कुठेच होत नाही. ज्या कारखान्याचा मेंटेनन्स वाईट, तिथे बिघाड रोजचेच. पण तिथे ब्रेकडाउन निस्तरण्यातच शिफ्ट संपते, नोंदी कोण ठेवणार? रजिस्टरमध्ये फार तर ‘मोटार आवाज करत होती, बेअरिंग बदलले, ओके’ एवढी ओळ सापडते. इनर रेस फुटली होती, आउटर रेसवर खड्डा पडला होता की ग्रीस संपून बॉल निळे पडले होते, हे सगळं भंगाराच्या गाडीबरोबर निघून गेलेलं असतं.

या टंचाईवर गेल्या दहाएक वर्षांत एक उपाय फार गाजतो आहे. संगणकाला यंत्राचं निदान शिकवायचं तर शेकडो नमुने लागतात. खरे चारच असतील, तर उरलेले संगणकाकडूनच बनवून घ्यायचे. याला कृत्रिम डेटा म्हणतात. या विषयावर शोधनिबंधांचा पूर आला आहे, आणि त्यातल्या बहुतेकांत अचूकता ९८-९९ टक्क्यांच्या घरातली. वाचताना वाटतं, प्रश्न सुटलाच की! पण या पुरातलं बारामती एमआयडीसीतल्या एखाद्या युनिटच्या हाती नेमकं काय लागेल, असा प्रश्न विचारला की चित्र बदलतं. हा आढावा त्याच एका प्रश्नाच्या अंगाने घेतला आहे.

बारामतीत एआय म्हटलं की आधी ऊस आठवतो. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने केलेल्या ऊसशेतीच्या प्रयोगाचं उदाहरण २०२५ च्या सुरुवातीला खुद्द सत्या नाडेला यांनी दिलं, आणि मग तो देशभर पोचला. शेताला निदान उपग्रह आणि हवामान केंद्र रोज नवा डेटा पुरवतात. एमआयडीसीत तशी सोय नाही. इथे पियाजिओ, भारत फोर्ज, फेरेरो, श्रायबर डायनॅमिक्स ही मोठी नावं आहेत, आणि त्यांच्या आसपास दोन-चार सीएनसीवर जॉबवर्क करणारी लहान युनिटं. बाहेर पडलं की माळेगाव आणि सोमेश्वर हे साखर कारखाने, इंदापूरच्या बाजूला भवानीनगरचा छत्रपती, शिवाय साखरयंत्रांपासून इस्रोच्या रॉकेटच्या मोटार केसिंगपर्यंत सगळं घडवणारं वालचंदनगर. मोठ्या कंपन्या निदानाची सेवा विकत घेऊ शकतात. अडचण आहे ती दोन सीएनसी आणि एक कंप्रेसर सांभाळणाऱ्याची, आणि साखर कारखान्याच्या इंजिनिअरिंग खात्याची.

या क्षेत्रातला बराचसा अभ्यास एकाच डेटावर उभा आहे. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात दोन हॉर्सपॉवरची एक मोटार घेतली, तिच्यात ६२०५ नंबरची बेअरिंग बसवली, आणि त्यांच्या इनर रेसवर, आउटर रेसवर, बॉलवर ईडीएमने, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरून, बारीक खड्डे पाडले. खड्ड्यांचा व्यास ०.००७, ०.०१४, ०.०२१ इंच, म्हणजे साधारण ०.१८ ते ०.५३ मिलिमीटर. सेकंदाला १२ हजार आणि ४८ हजार वाचनं घेत कंपनं नोंदवली आणि सगळ्यांना फुकट दिली. फुकट दिली हे फार मोठं काम झालं. ६२०५ हे बेअरिंग आपल्याकडेही कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं, त्यामुळे तो डेटा आपलाच वाटतो.

पण २०१५ साली स्मिथ आणि रँडल यांनी या सगळ्या नोंदी जुन्या, प्रस्थापित पद्धतींनी तपासल्या. काही नोंदींत दोष इतका ढळढळीत की तो सांगायला कुठल्याही शिकणाऱ्या यंत्राची गरजच नाही. काहींत तो कुठल्याच पद्धतीने दिसत नाही. आणि काही नोंदींतच गडबड. असा पेपर शंभरपैकी ९९ मार्कांनी सोडवला, तर कौतुक विद्यार्थ्याचं की पेपरचं? त्यातही एक चलाखी सर्रास चालते, बहुधा नकळत. एकाच नोंदीचे बारीक तुकडे करायचे, निम्मे शिकवायला वापरायचे आणि निम्मे परीक्षेला. म्हणजे तीच मोटार, तोच खड्डा, लागोपाठचे दोन सेकंद. वाटणी तुकड्यांनुसार न करता बेअरिंगनुसार केली की अचूकता घसरते, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवून दिलं आहे.

जर्मनीतल्या पाडरबॉर्न विद्यापीठाने २०१६ मध्ये दिलेला डेटा मला जास्त प्रामाणिक वाटतो. त्यात ३२ बेअरिंग आहेत: ६ चांगली, १२ मुद्दाम खराब केलेली आणि १४ चाचणीत भाराखाली चालवून खरोखर झिजवलेली. मुद्दाम खराब केलेल्या बेअरिंगवर शिकवलेलं निदान खऱ्या झिजेवर तपासलं, तेव्हा ते चांगलंच अडखळलं. ईडीएमने पाडलेला खड्डा हाही एका अर्थी कृत्रिम डेटाच, फक्त पोलादात कोरलेला. पोलादातला खोटा खड्डा खऱ्या झिजेची जागा पुरती घेत नसेल, तर संगणकात आखलेल्या लाटेकडून अपेक्षा बेताचीच ठेवलेली बरी.

आता पद्धतींकडे. सगळ्यात साधी म्हणजे हातातल्या नोंदीच थोड्या बदलून वापरायच्या: वेळेत मागेपुढे सरकवायच्या, थोडा गोंगाट मिसळायचा, तीव्रता कमीजास्त करायची. खर्च शून्य, अपाय जवळपास नाही. सुरुवात इथूनच करावी. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवायला हवा. मोटारीचा वेग बदलला तर काय होईल, हे दाखवायला पुष्कळ जण नोंद रबरासारखी ताणतात किंवा आवळतात. वेग बदलला की ठोक्यांची गती बदलते हे खरं, पण हाउसिंग ज्या सुरात घुमतं तो सूर बदलत नाही; तो लोखंडाच्या जाडीवर आणि बोल्टच्या पकडीवर ठरतो. नोंद ताणली की दोन्ही एकदम सरकतात. असं यंत्र जगात नसतं, आणि शिकणाऱ्याला आपण ते खरं म्हणून दाखवत असतो.

नितेश चावला आणि सहकाऱ्यांनी २००२ साली मांडलेली ‘स्मोट’ ही पद्धत दोन खऱ्या नमुन्यांच्या मधला नवा नमुना काढते. कंपनांची सरासरी तीव्रता, टोकदारपणा, ठरावीक फ्रिक्वेन्सीवरची उंची असे आकडे आधी काढून घेतले, तर त्यांच्यावर ती नीट चालते. कच्च्या लाटांवर चालवली तर एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडतो, आणि जो ठोका पकडायचा तोच पुसला जातो.

मग २०१४ मध्ये इयन गुडफेलो आणि मंडळींचं गॅन आलं. एक न्यूरल नेटवर्क, म्हणजे संगणकातलं शिकणारं जाळं, खोट्या नोंदी बनवतं, दुसरं त्या पकडतं, आणि पकडापकडीत दोघंही तरबेज होत जातात. शाओ, वांग आणि यान यांनी २०१९ मध्ये हे तंत्र मोटारीच्या बिघाडांसाठी वापरलं, आणि त्यानंतर प्रकारांवर प्रकार निघाले. २०२० पासून डिफ्युजन पद्धतींची चलती आहे. गोंगाटातून पायरीपायरीने लाट कोरत आणणारी ही पद्धत गॅनपेक्षा स्थिर असते, पण तिची डेटाची भूकही मोठी. नावं बदलली तरी मूळ अडचण कायम राहिली. वीस नोंदींवर शिकलेलं जाळं एक तर त्या वीस नोंदी पाठ करतं, किंवा त्यातल्या एकीचीच रूपं पुन्हा पुन्हा काढत बसतं. वेगळ्या लोडवर, वेगळ्या फाउंडेशनवर, शेजारी पंचिंग मशीन चालू असताना तोच दोष कसा दिसेल, हे त्याने पाहिलेलंच नसतं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? शेकडो नमुने असतील तर गॅन नक्की हातभार लावतं, विशेषतः एका प्रकारचे नमुने फार आणि दुसऱ्याचे कमी असतील तेव्हा. पण मग ‘नमुने कमी’ ही तक्रारच राहत नाही. ज्याला गरज जास्त त्याला उपयोग कमी, असा हा उफराटा प्रकार आहे, आणि निबंधांच्या प्रस्तावनेत तो क्वचितच कबूल केला जातो.

नवी माहिती आत यायची तर ती बाहेरूनच आणावी लागते. बेअरिंगच्या बाबतीत ती आणण्याची वाट जुनी आहे. मॅकफॅडन आणि स्मिथ यांनी १९८४ मध्ये एका खड्ड्यामुळे बेअरिंग कसं कंप पावेल याचं गणित मांडलं. बॉल खड्ड्यावरून गेला की ठोका बसतो, ठोक्याने हाउसिंग घुमतं आणि क्षणात शांत होतं. ठोक्यांची गती बेअरिंगच्या मापांवरून आणि शाफ्टच्या वेगावरून ठरते. ६२०५ मध्ये नऊ बॉल असतात. शाफ्टच्या एका फेऱ्यात आउटर रेसच्या खड्ड्यावर ३.५८५ ठोके पडतात, इनर रेसच्या खड्ड्यावर ५.४१५, बेरीज बरोबर नऊ. क्लीव्हलंडची मोटार ६० हर्ट्झच्या विजेवरची, मिनिटाला १७३० ते १७९७ फेरे घेणारी. १७९७ फेऱ्यांना आउटर रेसचा दोष सेकंदाला १०७ ठोके देतो. आपली वीज ५० हर्ट्झची. चार पोलची मोटार लोडवर साधारण १४४० फेरे, म्हणजे सेकंदाला २४ फेरे घेते. तोच दोष इथे ८६ ठोके देतो आणि इनर रेसचा १३०. क्लीव्हलंडच्या नोंदी कितीही वाढवल्या तरी त्यातून हा ८६ चा आकडा निघणार नाही. कागदावर पेन्सिलीने तो दोन मिनिटांत निघतो.

या गणिताचा चांगला वापर असा करता येतो. आपल्याच चालू, धडधाकट मोटारीची नोंद घ्यायची. तीत पट्ट्याची फडफड, फाउंडेशनचा ढिलेपणा, शेजारच्या यंत्राचा धक्का असं त्या जागेचं सगळं काही आलेलं असतं. मग मोटार बंद करून सेन्सर जागेवर ठेवूनच हाउसिंगवर हातोडीची हलकी टिचकी मारायची आणि ते कोणत्या सुरात घुमतं ते टिपायचं. आता संगणकात त्या सुराचे ठोके बनवायचे, आउटर रेसच्या दोषासाठी दर ११.६ मिलिसेकंदाला एक, म्हणजे सेकंदाला १२ हजार वाचनं असतील तर सुमारे दर १४० वाचनांनी. ठोके अगदी घड्याळासारखे नकोत. बॉल थोडे घसरत असतात, म्हणून अंतरात एक-दोन टक्के फरक हवा. इनर रेसचा दोष असेल तर खड्डा शाफ्टबरोबर फिरतो, भाराखाली येतो आणि बाहेर जातो. म्हणून ठोक्यांचा जोर सेकंदाला २४ वेळा चढउतार खायला हवा. जोर अगदी ऐकूही न येण्यापासून खडखडाटापर्यंत बदलत न्यायचा आणि हे ठोके धडधाकट नोंदीत मिसळायचे. ज्या मोटारीचं बेअरिंग अजून गेलेलंच नाही, तिच्या भावी दोषाच्या शंभर नोंदी संध्याकाळपर्यंत तयार होतात. लहान युनिटसाठी आजच्या घडीला माझी पसंती या मिश्र पद्धतीला आहे, गॅनला नाही.

तिच्याही मर्यादा आहेत. ती खड्ड्याचं बोलते. ग्रीस आटलं, धूळ शिरली, केज तुटला, कपलिंगचं अलाइनमेंट हललं, तर नीटस ठोके पडत नाहीत आणि हे गणित गप्प बसतं. खरा खड्डा कडेकडेने पसरत जातो, त्यामुळे बॉल आत उतरताना एक आणि बाहेर पडताना दुसरा असे दोन धक्के देतो. गिअरसाठी दातांच्या बदलत्या ताठरपणाची मॉडेल आहेत, पण गिअरबॉक्सचं ड्रॉइंग हाती नसेल तर ती वापरणं जिकिरीचं. मॉडेल पक्कं असेल तर मात्र बनवलेल्या डेटाला कमी लेखायचं कारण नाही. नासाने २००८ मध्ये जाहीर केलेला विमानाच्या इंजिनाचा ‘सी-मॅप्स’ डेटा आख्खा सिम्युलेशनचा आहे, आणि यंत्राचं उरलेलं आयुष्य वर्तवण्याचा केवढा तरी अभ्यास त्याच्यावर झाला.

साखर कारखान्यात शिरलं की ही सगळी वाटचाल अडते. मिलचे रोलर मिनिटाला चार-सहा फेरे घेतात, आणि जुन्या मिलमध्ये ते बहुधा गनमेटलच्या साध्या बेअरिंगमध्ये फिरतात. बॉल नाहीत, ठोके नाहीत, ८६ आणि १३० नाहीत. तिथे बेअरिंगचं तापमान, ड्राइव्हचा करंट, गिअरच्या तेलातली धातूची पूड जास्त बोलते, आणि यांचा कृत्रिम डेटा बनवण्याचं काम फार थोडं झालं आहे. शिवाय गळीत हंगाम संपला की मिल खोलतात, ओव्हरहॉलिंग करतात, रोलरना नवे दात पाडतात. पुढच्या हंगामात उभी राहते ती एका अर्थी दुसरीच मिल; मागच्या वर्षीची ‘धडधाकट’ नोंद या वर्षी जशीच्या तशी लागू होत नाही. पंप, पंखे, सेंट्रिफ्यूगल यांच्या मोटारींवर मात्र वरची मिश्र पद्धत चालेल. आणि ऑफ सीझनचा एक फायदा आहे, जो चोवीस तास बारा महिने चालणाऱ्या कारखान्यांना मिळत नाही: दरवर्षी सगळं उघडलं जातं. आत नेमकं काय झिजलं होतं हे डोळ्यांनी दिसतं. हंगामभर कंपनं नोंदवली असतील, तर त्या नोंदींना खरी नावं देण्याची संधी दरवर्षी येते. ती वाया जाऊ देणं परवडण्यासारखं नाही.

सेन्सरचाही एक मुद्दा आहे. बेअरिंगच्या सुरुवातीच्या दोषाची खूण बहुधा काही हजार हर्ट्झवर उमटते. हजार हर्ट्झच्या पुढचं न ऐकणारा स्वस्त सेन्सर लावला, तर सॉफ्टवेअरमध्ये कितीही कृत्रिम दोष शिकवले तरी खरा दोष त्याच्या कानावर येणारच नाही. मला कृत्रिम डेटाचा सगळ्यात दुर्लक्षित उपयोग इथेच दिसतो. शिकवण्याआधी तो चाचणीला वापरावा: आपल्या मोटारीच्या नोंदीत ठोके मिसळायचे, जोर कमी करत जायचं, आणि आपली व्यवस्था कुठवर ते पकडते हे पाहायचं. उत्तर निराशाजनक आलं, तर पैसे सॉफ्टवेअरऐवजी सेन्सरवर घालायचे हे तरी कळतं.

दुसरा हिशेब खोट्या इशाऱ्यांचा. समजा, शंभर मोटारींची रोज एकदा तपासणी होते. वर्षाला ३६,५०० तपासण्या. चांगल्या मोटारीला खराब म्हणण्याची चूक फक्त एक टक्का असली, तरी वर्षाला जवळपास ३६५ खोटे इशारे, म्हणजे रोज एक. खरे दोष वर्षात पाच-सहाच असतील. पंधरा दिवसांत फिटर हे इशारे देणाऱ्या मोबाइलची बेल बंद करून टाकेल, आणि त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. स्क्रू ड्रायव्हर हाउसिंगला टेकवून मूठ कानाशी धरणारा तो माणूस याहून कमी चुकतो. कृत्रिम डेटाने हा धोका वाढतो, कारण शिकवताना चांगले आणि खराब नमुने निम्मेनिम्मे केलेले असतात. निम्म्या मोटारी खराब असतात असा समज घेऊनच ते सॉफ्टवेअर शॉप फ्लोअरवर उतरतं.

म्हणून कुणी विक्रेता ९९ टक्के सांगत आला, तर त्याला आधी विचारावं की परीक्षा कोणत्या बेअरिंगवर घेतली. परीक्षेत बनवलेली एकही नोंद नको, आणि जी मोटार शिकवायला वापरली ती तर मुळीच नको. एन्व्हलप ॲनालिसिस या पन्नासेक वर्षांच्या जुन्या पद्धतीने तोच दोष सापडतो का, हेही विचारावं. सापडत असेल तर नव्या सॉफ्टवेअरचे पैसे कशाचे, ते त्याने सांगावं. आणि महिनाभर चांगल्या मोटारींवर चालवून किती खोटे इशारे येतात ते पाहिल्याशिवाय सही करू नये. लहान युनिटला बहुतेक वेळा ‘कोणता दोष’ हे कळण्याची घाईही नसते. ‘काही तरी बदललंय’ एवढं कळलं तरी रविवारच्या सुट्टीत बेअरिंग बदलता येतं. तेवढ्यासाठी चांगल्या दिवसांच्या नोंदी पुरतात, बिघाड बनवावे लागत नाहीत.

तरीही खऱ्या नोंदींचा स्थानिक साठा हवाच, आणि तो उभारणं बारामतीला अवघड नाही. भिगवण रोडवर विद्यानगरीत विद्या प्रतिष्ठानचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, औद्योगिक पट्ट्यात ईडीएमची कामं करणारे आहेत, आणि ६२०५ ची किंमत काही शे रुपयांत आहे. एक चार पोलची मोटार, वेगवेगळे खड्डे पाडलेली डझनभर बेअरिंग, आणि आसपासच्या कारखान्यांतून आलेली खरीखुरी झिजलेली बेअरिंग, एवढ्यावर ५० हर्ट्झचा आपला डेटा उभा राहू शकतो. क्लीव्हलंडने यापेक्षा फार वेगळं काही केलं नव्हतं.

त्यासाठी मेंटेनन्स खात्यांना एवढीच विनंती: या महिन्यात जे बेअरिंग बदलाल ते भंगारात टाकू नका. त्याला चिठ्ठी बांधा: मोटार कोणती, आरपीएम किती, तारीख काय, बदललं का. मग ते कापून आत बघा, मोबाइलवर फोटो काढा आणि रजिस्टरमध्ये ‘ओके’च्या आधी एक ओळ जास्त लिहा.